तक्त्यातली एक ओळ

डिसेंबरातल्या त्या सकाळी लॅब उघडून मी अ‍ॅसिडच्या कपाटापाशी गेले, तर ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडची बाटली गोठलेली. उलटी केली तरी आतलं हलेना. काचेच्या आत सरळ बर्फाची वडी बसलेली. हे आम्ल १६.६ अंशांना गोठतं हे बी.एस्सी.ला पाठ केलं होतं, ‘ग्लेशियल’ हे नाव त्यावरूनच पडलं हेही माहीत होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. नाशिकची थंडी मला नवी नाही. मी निफाडकडची. आमच्याकडे पारा घसरला की माणसं द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतात. पण थंडीने रसायनाची बाटलीच अडवून धरावी, हे नवीन होतं.

लॅबचे मामा सव्वीस वर्षं तिथे. त्यांनी बाटली बघितली, प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी घेतलं आणि झाकण जरा सैल करून बाटली त्यात उभी केली. “ताई, घाई करू नका. गॅसवर धरायचं नाही, वाफ पेट घेते. तोवर तुमचं मीठ वजन करा.” सोडियम अ‍ॅसिटेटला मामा मीठच म्हणतात. पुस्तकी मराठीत त्याला क्षार म्हणतात, मामांचं मीठ जास्त बरोबर वाटतं.

माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट इन्व्हर्टेजवर होता. बेकरीच्या यीस्टमधून हे एन्झाइम काढायचं, ते साखरेच्या पाण्यात घालायचं आणि किती साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झाली ते डीएनएस (फुटलेल्या साखरेबरोबर रंग देणारं रसायन) घालून, उकळत्या पाण्यात नळ्या ठेवून, ५४० नॅनोमीटरला रंग मोजून काढायचं. पहिला टप्पा होता, कोणत्या पीएचला हे एन्झाइम सगळ्यात चांगलं चालतं ते बघण्याचा. त्यासाठी ३.६ पासून ५.६ पर्यंत, दर ०.२ ला एक, असे अकरा बफर हवे होते.

बफर म्हणजे काय, हे घरी अण्णांना सांगायची वेळ आली होती. त्यांना पीएच कळत नाही, पण सामू कळतो. मातीपरीक्षणाच्या कागदावर दरवेळी लिहून येतो. मी म्हटलं, थोडंसं आम्ल किंवा आम्लारी पडलं तरी ज्याचा सामू फारसा हलत नाही असं पाणी. “म्हणजे आपल्या चुनखडीच्या रानासारखं,” अण्णा म्हणाले. “कितीबी गंधक टाका, सामू आठच्या खाली येत नाही.” इतकं चपखल उदाहरण आमच्या पुस्तकात नव्हतं.

माझ्या कामाचा बफर सौम्य आम्ल आणि त्याचाच क्षार असा होता: अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि सोडियम अ‍ॅसिटेट. बाहेरून तीव्र आम्ल आलं की अ‍ॅसिटेट त्याचा हायड्रोजन आयन गिळतं आणि त्याचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड होतं. आम्लारी आली की अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड पुढे होतं. अ‍ॅसेटिकच का, तर त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला आम्ल आणि त्याचा क्षार निम्मे-निम्मे असतात तो आकडा, ४.७६. बफर नीट काम करतो तो पीकेएच्या वर-खाली एकेक आकड्यापर्यंत, म्हणजे साधारण पावणेचार ते पावणेसहा. माझी रेंज जवळजवळ त्यातच बसत होती, फक्त ३.६ चं टोक जरा बाहेर. फॉस्फेटचा पीकेए ७.२ जवळ, तो इथे नुसता पाण्यात विरघळलेला क्षार.

गाईड मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “मायकेलिस आणि मेंटेननी १९१३ मध्ये कोणतं एन्झाइम घेतलं होतं, माहितेय का?” इन्व्हर्टेजच. एन्झाइमच्या वेगाचं त्यांचं समीकरण आम्हाला तोंडपाठ, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या आधीही लोकांनी याच एन्झाइमचा वेग मोजला होता, पण पीएचवर ताबा नव्हता. सोरेन्सननी कोपनहेगनमध्ये १९०९ ला पीएच ही मोजपट्टीच नुकती आणली होती. मायकेलिस-मेंटेननी अ‍ॅसिटेटचा बफर वापरून ते एक टोक बांधून ठेवलं आणि मग वेग मोजला. “तेव्हा बफरला किरकोळ काम समजू नकोस,” मॅडम म्हणाल्या. मी मान डोलावली आणि किरकोळच समजले.

लॅब मॅन्युअलमध्ये तयार तक्ता होता. आधी दोन स्टॉक, म्हणजे मूळ द्रावणं. स्टॉक ‘ए’: ०.२ मोलर (लिटरला ०.२ मोल) अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, लिटरला ११.५५ मिली ग्लेशियल. स्टॉक ‘बी’: ०.२ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट, लिटरला १६.४ ग्रॅम किंवा २७.२ ग्रॅम. मग ए इतके मिली, बी इतके मिली, पाणी घालून १००. पीएच ४.६ साठी २५.५ आणि २४.५. पीएच ३.६ साठी ४६.३ आणि ३.७. अशा अकरा ओळी.

वरच्या वाक्यातला तो ‘किंवा’ मी वाचला होता. वहीत मात्र उतरवताना २७.२ एवढंच उतरवलं. आमच्या आधीच्या बॅचच्या वहीतही २७.२ च होतं, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं.

आम्ल वितळेपर्यंत मी कपाटातून ‘सोडियम अ‍ॅसिटेट’ लिहिलेली बाटली काढली. पांढरी, हलकी पावडर, वरच्या थरात थोड्या गुठळ्या. बटर पेपरवर २७.२ ग्रॅम तोललं, बीकरमध्ये दोनशे मिली डिस्टिल्ड वॉटर घेतलं आणि स्टिररवर ठेवून चिमटी-चिमटीने घातलं. भराभर विरघळलं. हात गारठले होते म्हणून बीकरला दोन्ही पंजे लावून उभी राहिले. बीकर कोमट झालं होतं. बरं वाटलं. ते पाणी लिटरच्या फ्लास्कमध्ये ओतलं, बीकर दोनदा धुऊन तेही त्यात, आणि खुणेपर्यंत भरलं.

आम्ल वितळल्यावर फ्युमहूडखाली बल्ब लावून पिपेटने ११.५५ घेतलं. हुडाची काच जरा जास्त वर राहिली होती, त्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. व्हिनेगरमध्ये हे जेमतेम चार-पाच टक्के असतं, इथे नव्याण्णवच्या वर. आधी फ्लास्कमध्ये अर्धं पाणी, मग आम्ल, मग खुणेपर्यंत पाणी.

संध्याकाळपर्यंत अकरा बाटल्या लेबल लावून ओळीत उभ्या. पीएच मीटरवर तपासायला हव्या होत्या, पण इलेक्ट्रोड कुणीतरी पोटॅशियम क्लोराइडमध्ये न ठेवता तसाच कोरडा सोडून गेलं होतं, तो निकामी. नवीन यायला आठवडा लागणार होता. मी तक्त्यावर विश्वास ठेवला आणि एन्झाइम लावून मोकळी झाले. ग्राफ सुंदर आला. मधे सपाट माथा, दोन्ही बाजूंना उतार. इन्व्हर्टेजचा माथा साडेचारच्या आसपास येतो आणि तो चांगला रुंद असतो. माझाही तिथेच कुठेतरी आला. एन्झाइमने चुगली केलीच नाही.

चुगली केली नव्या इलेक्ट्रोडने. तो आल्यावर निव्वळ औपचारिकता म्हणून उरलेले बफर मोजायला बसले. ३.६ लिहिलेल्या बाटलीत आकडा स्थिरावला ३.८१ वर. ३.८ ची ४.०२. ४.० ची ४.२१. पाचव्या-सहाव्या बाटलीपर्यंत माझ्या लक्षात आलं की प्रत्येक बाटली पुढच्या बाटलीचा आकडा दाखवतेय. सगळा तक्ता एक ओळ सरकलेला.

मला वाटलं, मीच तक्ता वाचताना एक ओळ चुकले. वहीतून बघून बघून ब्युरेट सोडताना डोळा खालच्या ओळीवर गेला असणार. स्वतःला शिव्या घातल्या, तक्त्यावर फूटपट्टी ठेवून, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून अकराच्या अकरा पुन्हा बनवले. पुन्हा तेच. ४.६ ला ४.८२.

मग मीटरवर संशय. ४.०० आणि ७.०० च्या स्टँडर्ड बफरमध्ये पुन्हा कॅलिब्रेट केला. स्लोप ९७ टक्के आला. बघण्यासाठी ४.०० चा स्टँडर्डच परत मोजला, तर ४.००. मीटर निर्दोष.

आता मी ती गोष्ट केली जी या परिस्थितीत बहुतेक जण करतात आणि सांगत नाहीत. ४.८२ च्या बाटलीत ड्रॉपरने अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडत गेले. ४.७५, ४.६८, ४.६१, ४.६०. आकडा आला, जिवाला शांतता. दुसरी बाटली हातात घेतली तेवढ्यात मॅडम आत आल्या.

“काय करतेस?”

“अ‍ॅडजस्ट करतेय मॅडम. थोडा वर येतोय.”

“थोडा म्हणजे? शंभर मिलीला किती आम्ल घातलंस?”

मी मोजलं नव्हतं. मॅडम ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि माझी वही उलटी करून मागच्या पानावर लिहू लागल्या. पीएच म्हणजे पीकेए अधिक लॉग, क्षार भागिले आम्ल. हेंडरसन आणि हॅसलबाख, हे सूत्र बारावीपासूनचं. “अगं, प्रत्येक ओळ वर आलीये, ती साधारण किती?”

“०.२. थोडी जास्तच.”

“आणि सगळ्यांत सारखी. अनुपात प्रत्येक बाटलीत वेगळा, तरी चूक सारखी. म्हणजे?”

म्हणजे चूक मिसळण्यात नव्हती, स्टॉकमध्ये होती. ब्युरेट चुकली असती तर एखादीच बाटली बिघडली असती. स्टॉक चुकला की क्षार-आम्लाचा अनुपात प्रत्येक बाटलीत एकाच पटीने बिघडतो, आणि लॉग घेतला की ती पट सरळ बेरीज होऊन बसते. ०.२२ चा अँटिलॉग १.६६. एकतर माझं आम्ल ०.२ ऐवजी ०.१२ मोलर होतं, नाहीतर क्षार ०.३३.

“आधी आम्ल तपास.” मॅडम उठून गेल्या. कारण त्यांना ठाऊक होतं की नाही, अजून मला कळलेलं नाही. बहुतेक होतं.

आम्ल तपासायचं म्हणजे टायट्रेशन. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड खातं, म्हणून आधी तेच ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने प्रमाणित करायचं, मग त्याने आपलं आम्ल. दहा मिली स्टॉक ए, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन, ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल हायड्रॉक्साइड. वीस मिलीच्या आसपास गुलाबी व्हायला हवं. १९.८ ला झालं, तिन्ही वेळा. म्हणजे आम्ल ०.१९८. एवढ्या फरकाने पीएच हलला तर शंभराव्या भागात हलेल.

राहिला क्षार. मी काट्याची नोंद बघितली, २७.२०. फ्लास्क लिटरचाच. रेणुवस्तुमान १३६ गुणिले ०.२, बरोबर २७.२. सगळं बरोबर असून चूक. दुपारचे अडीच वाजले होते, डबा तसाच होता.

मामा टेबल पुसत होते. म्हणाले, “ताई, मीठ कोणत्या बाटलीतलं घेतलं?”

“सोडियम अ‍ॅसिटेटच्या.”

“तेच विचारतोय. खडेवाली का पावडरवाली?”

कपाटात दोन बाटल्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच उंचीच्या, निळ्या झाकणाच्या. पुढच्या रांगेतली पावडरवाली, मागे खडेवाली. दोन्हींवर मोठ्या अक्षरात सोडियम अ‍ॅसिटेट. त्याखाली तांदळाएवढ्या अक्षरात एकीवर ‘अनहायड्रस’, दुसरीवर ‘ट्रायहायड्रेट’. खड्यांच्या बाटलीत प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे तीन रेणू बांधलेले, म्हणून रेणुवस्तुमान १३६.०८. पावडरमध्ये ते पाणी नाही, म्हणून ८२.०३. तक्त्यातला ‘किंवा’ याच्यासाठी होता: पावडर घेतली तर १६.४, खडे घेतले तर २७.२. मी पावडर घेतली आणि वजन खड्यांचं केलं. १३६.०८ ला ८२.०३ ने भागलं की १.६६ येतात. त्याचा लॉग ०.२२. तक्त्यातल्या ओळी ०.२ च्या अंतराने, म्हणून तो एकेक ओळ सरकल्यासारखा दिसत होता. ओळींमधलं अंतर ०.५ असतं तर हा भास झाला नसता आणि मी अर्धा दिवस फूटपट्टी धरून बसले नसते.

मग ते कोमट बीकर आठवलं. निर्जल सोडियम अ‍ॅसिटेट पाण्यात विरघळताना उष्णता बाहेर टाकतं, खडेवालं उलट उष्णता ओढून घेतं आणि बीकर गार पडतं. हातात पुरावा धरून मी ऊब घेत उभी होते. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, “खड्यांचं बीकर थंडीत धरवत नाही.” त्यांना एन्थाल्पी हा शब्द माहीत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांना तो शब्दच तेवढा माहीत असतो.

संध्याकाळी मॅडमना सांगितलं. मला वाटलं विषय संपला, पण मॅडम त्या ‘अ‍ॅडजस्ट’ केलेल्या बाटलीवर परत आल्या. “ती ४.६० दाखवतेय ना? मग काय बिघडलं? सांग.”

हिशेब केला. बरोबर बनवलेल्या ४.६ च्या बफरमध्ये शंभर मिलीत ५.१ मिलिमोल आम्ल आणि ४.९ मिलिमोल क्षार, दोन्ही मिळून १०, म्हणजे ०.१ मोलर. माझ्या बाटलीत क्षारच ८.१ मिलिमोल. तो ४.६ वर आणायला आम्ल साडेआठच्या जवळ न्यावं लागतं. बेरीज साडेसोळा. पीएच तोच, द्रावण दीडपटीहून दाट, आणि लेबलवर लिहिलेलं ०.१ मोलर. कुणी माझी वही बघून तो प्रयोग पुन्हा केला असता तर त्याचा बफर माझ्यापेक्षा पातळ निघाला असता, आणि का जुळत नाही हे त्याला कधीच कळलं नसतं. मीटर हायड्रोजन आयन मोजतो, बफर किती आहे ते मोजत नाही. काही थेंब हायड्रोक्लोरिक घालून आकडा जुळवणारेही आहेत. त्यात वर क्लोराइड येतं ते वेगळंच. खरंच थोडं हलवायची वेळ आली तर बफरमधलंच आम्ल किंवा सोडियम हायड्रॉक्साइड वापरायचं, तेही शेवटचं पाणी घालून खुणेवर आणायच्या आधी, ही मॅडमची शिस्त. पन्नास-साठ मिलीवरच पीएच जुळवायचा, मग शंभर करायचं. पाण्याने पीएच शंभराव्या भागांत हलतो, तेवढं चालतं.

दुसऱ्या दिवशी नवीन स्टॉक केला. खडे तोलले, २७.२. बीकर खरोखर इतकं गार पडलं की बाहेरून हात लावून मला हसू आलं. ४.६ ची ओळ: २५.५ आणि २४.५. मीटर ४.६१ वर थांबला. ड्रॉपरला हात लावावा लागला नाही.

मोकळा वेळ होता म्हणून एक उद्योग केला, प्रोजेक्टशी संबंध नव्हता. एका बीकरमध्ये १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात १०० मिली हा बफर. दोन्हींत एकेक मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. पाणी धाडकन २.० वर. बफर ४.६१ वरून ४.४३ वर येऊन थांबला. मग बफरमध्ये आणखी घालत गेले. दुसरा मिली, तिसरा, चौथा. दरवेळी आधीपेक्षा जरा मोठी उडी, चौथ्याला ३.८ च्या आत. पाचव्याला आकडा एकदम तीनच्या खाली. ४.९ मिलिमोल अ‍ॅसिटेट होतं, पाच मिलिमोल आम्लाने ते संपवलं. हे गणिताने आधी सांगता येत होतंच. तरीही बघत उभी राहिले. अण्णांना फोनवर सांगितलं की रानातली चुनखडी संपेल तेव्हा असंच होईल. ते म्हणाले, “आपल्या हयातीत नाही संपत.”

ग्राफचं काय झालं, तर आडव्या अक्षावरचे आकडे खोडून नवे लिहावे लागले असते. पण त्या अकरा बाटल्यांचा दाटपणाही वेगवेगळा निघत होता. जसजसा पीएच वर, तसतसा त्यात स्टॉक ‘बी’ जास्त, म्हणजे चूक जास्त. सगळी मालिका पुन्हा लावली. माथा तसाच रुंद आला, ४.६ च्या जवळ. दोन दिवस गेले, एन्झाइम बरंचसं खर्ची पडलं, यीस्टचं नवीन पाकीट आणावं लागलं.

दोन्ही बाटल्यांवर मी लाल मार्करने लिहिलं: ‘पावडर, ८२’ आणि ‘खडे, १३६’. ज्युनियर मुलींनी त्याखाली आपापली चित्रं काढली आहेत.

चुकलेला स्टॉक फेकायला निघाले होते. मामांनी हात धरला. “ताई, जास्त कडक झालंय ना? मग पाणी घाला.” अर्धा लिटर उरला होता. ०.३३१६ मोलरचा ०.२ करायचा, म्हणजे ५०० मिलीचे ८२९. मोजपात्राने केला, ४.६ ची ओळ बनवून बघितली, ४.६२ आला. तो स्टॉक आठवडाभर वापरला. मग एका सोमवारी बाटली उजेडाकडे धरली, तर आत कापसासारखे पांढरे तंतू तरंगताना दिसले. बुरशीला अ‍ॅसिटेट म्हणजे खाऊ, आणि मी ती बाटली फ्रीजमध्ये ठेवायला विसरले होते. बेसिनमध्ये ओतून, फ्लास्क धुऊन, मी पुन्हा कपाट उघडलं आणि मागच्या रांगेतली बाटली काढली.